चिडलेल्या जगात आपण ख्रिस्ती लोक बोलतो कसं?

नगरची_शेव (धागाकर्ती)

मंडळी सलाम, जय ख्रिस्त, नमस्कार, ज्याला जे चालतं ते त्याने घ्यावं.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी कुठल्यातरी प्रार्थनासभेचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, तांदळाच्या गोणीवर धर्म विकणारे हेच ते. मग नेहमीप्रमाणे अंगठे, हसण्याच्या इमोज्या, एकाने जुनी बातमी शोधून चिकटवली. सोसायटीत ख्रिस्ती घरं दोनच, आमचं आणि अजून एक. त्या दुसऱ्या घरातल्या दादांनी दहा मिनिटांत भला मोठा मेसेज ठोकला. त्यात दगडाला शेंदूर फासणारे, अंधारात चाचपडणारे, न्यायाच्या दिवशी कळेल, सगळा मसाला आला. मी संध्याकाळी व्हिडिओवाल्या काकांना पार्किंगमध्ये गाठून सरळ विचारलं की काका, हे आमच्याबद्दल लिहिलंय का. तर म्हणाले, "छे गं, तुम्ही वेगळे, तुम्ही आपले." आता हे ऐकून बरं वाटून घ्यायचं की वाईट ते मला अजून कळलेलं नाही.

पण धागा काढायचं कारण ते काका नाहीत. दादांनी आपला तोच मेसेज मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर पण टाकला, "असं उत्तर दिलं" म्हणून. खाली आमेनचा पाऊस. बरं ठेचलंत, प्रभू तुम्हाला वापरत आहे, वगैरे. ते आमेन टाकणारे सगळे चांगले लोक आहेत हो, त्यातल्या एक बाई आमच्या शेजारच्या आजारी काकूंना रोज डबा देतात, आणि त्या काकूंच्या देव्हाऱ्यात बारा देव आहेत.

माझं म्हणणं असं की बाहेरच्यांशी आपण बऱ्यापैकी गोड बोलतो, पण त्यातलं निम्मं गोड भीतीपोटी असतं. आपण मूठभर आहोत, कशाला लफडं. आदर आहे की नाही ते आपण आपल्यातच असताना दुसऱ्यांबद्दल काय बोलतो त्यावरून कळतं. त्यामुळे मला इथे "ट्रोलना उत्तर कसं द्यावं" याच्या टिपा नकोत, आपल्या घरातल्या बोलण्याबद्दल लिहा. तुमच्या मंडळीत, पॅरिशमध्ये काय चालतं?

वसईचा_सुकेळी

पहिला नंबर माझा. 😄

आमच्याकडे उदाहरण घरचंच आहे, फादर दिब्रिटो. सप्टेंबर २०१९ मध्ये साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव जाहीर झालं आणि लगेच सुरू, धर्मगुरू कसा चालेल, धर्मांतर करतील, धमक्यांचे फोन. माणूस नांदखालचा, आयुष्यभर मराठीत लिहिलं, 'सुवार्ता' मासिक चालवलं, अख्खं बायबल आजच्या मराठीत आणलं, आणि त्याला विचारतात तू मराठीचा कोण. जानेवारी २०२० ला उस्मानाबादला पाठीच्या दुखण्याने बेजार असताना गेले आणि भाषण केलं. त्यात रडगाणं नाही आणि ज्यांनी विरोध केला त्यांच्या आईबापाचा उद्धार पण नाही, पण देशात जे चाललंय ते बरोबर नाही हे त्यांनी कोणाची भीडभाड न ठेवता सांगितलं.

गोड बोलायचे म्हणून फादर मवाळ होते असं कोणी समजू नये. हरित वसई आंदोलनाच्या वेळी जमिनी आणि पाणी गिळायला निघालेल्यांच्या समोर उभे राहिलेले आहेत, आणि तो काळ कसा होता ते वसईत राहिलेल्यांना विचारा. २०२४ च्या जुलैमध्ये गेले तेव्हा रांगेत सगळ्या धर्माचे लोक होते.

ताई तुमचा मुद्दा पटला पण. आमच्याकडे पॅरिशच्या ग्रुपवर परप्रांतीय आणि मुसलमान यांच्याबद्दल जे फॉरवर्ड फिरतात ते फादरांना दाखवायची कोणाची हिंमत झाली नसती.

तर्कट

मी ख्रिस्ती नाही, घरात गणपती बसतो, पण वाचतोय आणि राहवत नाही म्हणून लिहितो. राग नसावा.

तांदळाची गोणी म्हटलेलं लागतं तुम्हाला, मान्य, वाईटच आहे. पण आमच्या गावात दर शनिवारी मैदानात स्पीकर लावून एक गृहस्थ सांगतात की तुमची खंडोबा म्हसोबा सगळी भुतं आहेत, त्यांना सोडा नाहीतर नरक. माझी आई तिथून भाजी घेऊन येते. तिने काय करायचं, हसायचं? तो आदर कुठल्या खात्यात? आणि गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात इन्क्विझिशनमध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीत, काय काय झालं त्यावर तुमच्यापैकी कोणी कधी आपणहून बोलताना मी तरी ऐकलेलं नाही. लगेच "ते पोर्तुगीज होते, आम्ही नाही".

मांडवीपलीकडचो

तर्कटराव, मी बोलतो की. गोंयचा कॅथलिक आहे. इन्क्विझिशन १५६० ला सुरू झालं आणि मध्ये थोडी वर्षं सोडली तर कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला न्यावा लागला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. हे सगळं झालं. बाटलेल्या घरात तुळस दिसली, कोणी धोतर नेसला तर चौकशी व्हायची, म्हणजे मार आमच्याच पूर्वजांनी पण खाल्ला. पण "आम्ही पण खाल्ला" हे आधी म्हटलं की समोरच्याला वाटतं हा विषय टाळतोय, म्हणून शेवटी सांगितलं.

यावर माझ्याकडे "पण" नाही. वाईट झालं, चर्चच्या नावाने झालं. पणजोबाच्या पणजोबाची सही नव्हती त्या कागदावर, तरी चर्च माझंच ना, मग त्याचं बरं तेवढं माझं आणि वाईट पोर्तुगीजांचं असं कसं.

आणि हे पण खरं की शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मरियामाता, बहिणी आहेत असं आमच्याकडे दोन्हीकडचे लोक मानतात, एकीकडून तेल जातं, दुसरीकडून फुलं येतात. हे कुठल्या समितीने ठरवलेलं नाही. लोकांनी आपापसात कसं बोलायचं ते कधीतरी ठरवून टाकलं.

तर्कट

आभारी आहे. खरंच. "पण" शिवाय उत्तर पहिल्यांदा मिळालं.

स्पीकरचं राहिलं.

जुनं_कपाट

स्पीकर नवा असला तरी रोग जुना आहे, आणि आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात तो पहिल्या पानावर आहे हे कबूल करू. मी निवृत्त मास्तर, लांबण लावीन, सवय आहे, चहा घेऊन बसा.

डॉ. जॉन विल्सन मुंबईत आले १८२९ ला. मोठा विद्वान, मराठी संस्कृत शिकलेला, विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. १८३०-३१ मध्ये पंडितांशी जाहीर वाद झाले, मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक लिहिलं, त्याला विल्सन यांनी १८३२ मध्ये छापील उत्तर दिलं आणि त्या उत्तराचं नावच मुळी हिंदू धर्माचं पितळ उघडं पाडणारं. म्हणजे समोरचा माणूस बोलायला बसला आहे आणि तुम्ही दारावर पाटी लावताय की ह्याचं पितळ उघडं पाडतोय. मग काय होणार? पुढच्या पंचवीस वर्षांत तिकडूनही तसेच लोक उभे राहिले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी गिरगावच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत होते आणि ऐकायला ही गर्दी. ख्रिस्ती बाजूने जॉर्ज बोवेन हे अमेरिकन गृहस्थ होते. हा माणूस वेगळा, मिशनचा पगार सोडून बाजारात गरिबांसारखा राहिलेला. त्यांनी त्या वादांचा वृत्तान्त त्याच वर्षी छापला. पण वादातून कोणाचं मन बदललं असं म्हणावं तर तसं काही फार दिसत नाही, टाळ्या मात्र दोन्हीकडे भरपूर पडल्या असणार, आजच्या अंगठ्यांसारख्या.

आणि आता दुसरी गोष्ट घ्या. १८९३ च्या सुमाराचं साल, नागपूरहून राजनांदगावला जाणारी आगगाडी, डब्यात नारायण वामन टिळक आणि एक युरोपियन प्रवासी. तो काळ असा की गोरा डब्यात असला की नेटिव्हाने उतरून दुसरा डबा बघायचा. हा माणूस जागा करून देतो आणि बोलतो कशावर तर संस्कृत काव्यावर. टिळक कवी, रंगले. मग धर्मावर गप्पा, शेवटी नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली. टिळकांनी ती वाचायला घेतली, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. आज मराठी मंडळ्यांत जी भजनं आपण टाळमृदंगावर म्हणतो त्यातली किती त्यांची आहेत मोजा. अख्ख्या वादविवादांनी जे झालं नाही ते आगगाडीत एका माणसाने समोरच्याच्या आवडीचा विषय काढल्यामुळे झालं.

आता कोणी म्हणेल मास्तर, म्हणजे गोड बोला आणि बाटवा, हीच तर तक्रार आहे. नाही हो. त्या प्रवाशाला गाडीतून उतरल्यावर टिळकांचं काय झालं हे कळलंच असेल असं नाही. पावती न मागता बोलला.

शेपूची_भाजी

मास्तर मस्त. पण टिळक स्वतः काय तापट होते हो! लक्ष्मीबाईंनी लिहिलंय त्यावरून तर त्यांच्याशी संसार करणं म्हणजे जळत्या स्टोव्हवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला जाणं. तरी बाप्तिस्म्यानंतर चारपाच वर्षं बाई वेगळ्या धर्मात राहिल्या, त्यांनी आपल्या मनाने ठरवल्यावरच १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. रागीट माणूस होता पण इथे वाट बघितली.

येशूचा_शिपाई

सगळं छान चाललंय पण एक विचारू का. प्रभूने स्वतः परूश्यांना, त्या काळच्या कडक धर्मपंडितांना, सापाच्या पिलांनो म्हटलं, पांढरी फासलेली थडगी म्हटलं, देवळात चौरंग उलथले. तेव्हा त्याने आधी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या का? सगळे मार्ग सारखे असं बायबल म्हणत नाही. खरं बोललं की लोकांना लागतंच. ताईंच्या त्या दादांनी शब्द कडक वापरले असतील पण निदान गप्प तरी बसले नाहीत. आजकाल आदर आदर म्हणून मंडळीतले लोक सुवार्ता सांगायलाच लाजतात. मी पहिल्या पिढीचा विश्वासी आहे, मला दारूतून प्रभूने काढलंय, मी गप्प बसू शकत नाही.

राहुरीची_मावशी

बाळा, गप्प बस असं तुला कोणी म्हणत नाही. तू दारूतून सुटलास हे तू शंभर वेळा सांग, ते तुझं आहे, त्यात कोणाच्या देवाला शिवी लागत नाही.

आता सापाच्या पिलांचं. ते कोणाला म्हटलं बघ. परूशी म्हणजे आपल्यातलेच, शास्त्री, मोठे, मान असलेले. आणि विहिरीवरची शोमरोनी बाई, परजातीची, परधर्माची म्हण, तिच्याकडे आधी पाणी मागितलं. तिच्या हातचं पाणी! आमच्या नगर जिल्ह्यात पाणी मागणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको. तू कडक शब्द आपल्या पाळकांना, कमिटीला वापरून बघ आधी, ते परूश्यांच्या जागी आहेत. जमीनजुमल्याच्या भानगडींवर बोल. तिथे सगळे कसे नम्र होतात.

आणि प्रेषितांची कृत्ये १९ वाच, मी संडे स्कूलला किती वर्षं शिकवलं असेल ते. प्रेषित पौल इफिस शहरात दोन वर्षांच्या वर राहिला, हाताने केलेले देव हे देव नाहीत असं उघड बोलला, मूर्ती घडवणाऱ्यांचा धंदा बसला, दंगल झाली, लोक दोन तास ओरडले "इफिसकरांची अर्तमी थोर". आणि मग नगराचा चिटणीस उठून त्या गर्दीला काय सांगतो, की ह्या माणसांनी देऊळ लुटलेलं नाही की आपल्या देवीची निंदा केलेली नाही. कोण बोलतंय हे? त्यांचा माणूस, आपला नाही. आपलं म्हणणं सांगून झालं होतं आणि तरी समोरच्याच्या अधिकाऱ्याला साक्ष देता आली की ह्यांनी निंदा केली नाही. दादांच्या त्या मेसेजवर सोसायटीच्या सेक्रेटरीने अशी साक्ष दिली असती का सांग बरं.

येशूचा_शिपाई

१९:३७ बघितलं. आहे तसं. हे लक्षात नव्हतं.

मोशी_ते_हिंजवडी

मावशी 🙏🙏

मला एक प्रॅक्टिकल अडचण. ऑफिसात खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा असते, नारळ फुटतो, प्रसाद फिरतो. मी प्रसाद घेत नाही, आमच्या घरात पद्धत तशी. पण "नको" म्हटलं की चेहरे होतात. एकदा टीममधल्या एकीने विचारलं की विष आहे का त्यात. आदराने नाही कसं म्हणायचं ते सांगा कोणीतरी. आणि "घ्या हो, त्यात काय" असं कॅथलिक मंडळी म्हणणार हे माहितीय, ते नको.

वसईचा_सुकेळी

कॅथलिक मंडळी म्हणणार ते म्हणतोच, घ्या हो त्यात काय. 😂

बरं सिरियसली. माझा मेहुणा तुमच्यासारखाच, घेत नाही. पण तो काय करतो तर पूजेच्या आदल्या दिवशी थांबून तोरणं बांधायला मदत करतो, टेबलं हलवतो, पूजेला मागे उभा राहतो, हात जोडत नाही पण मोबाइलही बघत नाही, आणि प्रसादाचं ताट आलं की सगळ्यांसमोर नाही तर वाटणाऱ्याला हळू सांगतो की मी खात नाही, माझा वाटा ह्याला द्या. कारण विचारलं तर एका वाक्यात सांगतो. भाषण नाही, पौलाची पत्रं नाहीत. लोकांना नकाराचा राग येत नाही हो, नकार देताना नाक मुरडलं की येतो.

मोशी_ते_हिंजवडी

तोरणं बांधायची आयडिया चांगली आहे. नाक मी मुरडत नाही, माझं नाकच तसं आहे.

कपाळावर_टिकली

मी जरा वेगळं लिहिते. आमच्याकडे शुक्रवारची घरप्रार्थना असते, पंधरावीस लोक, बहुतेक बायका. मागे एकदा दहाबारा मुलं आली, मोबाइल चालू, घोषणा, कोणाकोणाला बाटवताय दाखवा. घाबरलो होतो सगळे. पण आमच्यातल्या एक आजी, पंचाहत्तरीच्या, दारात गेल्या आणि पहिलं वाक्य काय तर "चपला बाहेर काढा, आत्ता फरशी पुसलीय." आणि गंमत बघा, पुढच्या दोघांनी काढल्या. सवयीने. मग आजी म्हणाल्या बसायचं असेल तर बसा, ओरडायचं असेल तर अंगणात ओरडा, आत लहान लेकरू झोपलंय. कोणाचं लेकरू तू, असं एकाला विचारलं, त्याने आडनाव सांगितलं, आजींना त्याची आत्या माहीत होती.

हे सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. बाकीची मुलं शिव्या देत राहिली, घाणेरड्या. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने ११२ ला फोन लावला होता, पोलीस आले, दोन्ही बाजूंचे जबाब झाले, आम्ही लेखी तक्रार पण दिली. काही लोक म्हणाले तक्रार कशाला, क्षमा करायची ना. मी म्हटलं क्षमा केलीय आणि तक्रार पण केलीय. प्रभूच्या थोबाडीत मारली मुख्य याजकाच्या समोर, योहान १८, तेव्हा त्याने विचारलंच ना की मी वाईट बोललो असेन तर दाखव, नसेन तर का मारतोस. त्याने शिवी पण दिली नाही आणि गिळून पण घेतलं नाही. आदराने बोलायचं म्हणजे अन्याय झाला तरी बावळटासारखं हसायचं असं जे आपल्याला शिकवलं जातं, बायकांना तर जास्तच, ते मला मान्य नाही.

नगरची_शेव

टिकलीताई, "क्षमा केलीय आणि तक्रार पण केलीय" हे मी मंडळीच्या ग्रुपवर टाकू का?

कपाळावर_टिकली

टाका. नाव नको.

जुनं_कपाट

टिकलीताईंच्या शेवटच्या वाक्यावरून पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांना दोन्हीकडून ऐकावं लागलं. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला म्हणून इकडे पुण्यामुंबईत ओरड. १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला नेलं, १८९३ मध्ये मुली बाटवतात म्हणून 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. ही एक बाजू सगळ्यांना माहीत असते.

दुसरी बाजू अशी की चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी पण बाईंनी तितकंच भांडण केलं. इंग्लंडातल्या ज्या सिस्टरबाई त्यांच्या धर्ममाता, त्यांना लिहिलेली पत्रं वाचा. मायना प्रेमाचा, पण आत सरळ की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या ताब्यात दिलेली नाही. मांस खाणार नाही तर नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, लॅटिन आमच्याकडे कोणाला कळतं, संस्कृत का नको, असा प्रश्न केला. गुरुस्थानी असलेल्या बाईला, परक्या देशात, तिच्याच आश्रयाला असताना. पायरी सोडली नाही आणि मान पण वाकवली नाही. आपल्या मंडळ्यांत आदर म्हणजे पाळकसाहेबांच्या पुढे "हो साहेब" हाच अर्थ शिल्लक राहिलाय, आणि ज्याला दिवसभर वर "हो साहेब" म्हणावं लागतं तो खाली कोणावर तरी ओरडतोच.

राहुरीची_मावशी

मास्तर शेवटचं वाक्य लागलं बरं का, आमच्या पास्टरेट कमिटीला वाचून दाखवते.

आणि आता तांदळाबद्दल मी बोलते कारण आम्ही त्याच घरातले. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७, मग १८९९-१९००. माझ्या सासरच्यांचे पूर्वज मांगवाड्यातले. गावविहिरीवर पाणी नाही, बलुत्याला धान्य नाही. मिशनने खडी फोडायचं काम दिलं, धान्य दिलं, पोरांना शाळेत घेतलं. केडगावला रमाबाईंनी किती पोरीबाळी आणून ठेवल्या. हो बाबा, खाल्लं धान्य. खाल्लं म्हणून जगलो, जगलो म्हणून मी आज टाइप करतेय. कोणी गोणी म्हटलं की मी रागावत नाही, उलट विचारते की त्या साली तुमच्या घरात धान्य होतं का हो, आणि होतं तर आमच्या वाड्यात का नाही आलं. हे मी हसून विचारते, पण विचारते. बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "बाई, हा विचार नव्हता केला." त्यांच्याशी अजून बोलणं आहे, पोरीच्या लग्नाला आले होते.

पण शिव्या काय फक्त बाहेरचे देतात? आमच्या मंडळीत लग्न जमवताना अजून विचारतात की मूळचे कोण. ख्रिस्तात सगळे एक म्हणून गाणं म्हणायचं आणि चहा पिताना "ते त्यांच्यातले" म्हणायचं. शेवताई, तुमच्या धाग्याला माझं उत्तर हे आहे.

प्रशासक

काही प्रतिसाद उडवले आहेत. मरियेची पूजा की मान हा वाद दुसऱ्या धाग्यावर चालू आहे, तिकडे जा. आणि "बिलिवर" लोकांना, म्हणजे नव्या स्वतंत्र मंडळ्यांतल्यांना, ड्रमवाले म्हणू नका, आदराच्या धाग्यावर तरी.

तर्कट

प्रशासकसाहेब, 😂

मी मघाशी स्पीकरचं विचारलं होतं, त्यावर मास्तरांनी १८३२ सांगितलं, छान, पण माझी आई २०२० च्या दशकात भाजी आणतेय. तुमच्यापैकी कोणी कधी जाऊन अशा माणसाला सांगितलंय का? आम्ही सांगितलं की तो धर्मावर हल्ला होतो.

येशूचा_शिपाई

मी सांगू शकतो. म्हणजे अशा लोकांना मी ओळखतो, मी त्यातलाच एक म्हणा. स्पीकर मी नाही लावत पण बाजारात पत्रकं वाटलीत.

तुम्हाला खरं सांगू का, मैदानात बोलणाऱ्याला समोर माणूस दिसतच नाही. त्याला आपला जुना मी दिसतो. मी दारू प्यायचो तेव्हा नवस पण करायचो, अंगात पण यायचं, सगळं एकत्रच होतं माझ्या डोक्यात, म्हणून सुटल्यावर सगळ्यालाच शिव्या. तुमच्या आईने माझं काही वाकडं केलेलं नाही. माझी स्वतःची आई अजून चतुर्थी धरते. तिच्यासमोर मी भुतं बितं कधीच म्हणत नाही, म्हणूच शकत नाही, ती साबुदाणा भिजवत असते आणि मला विचारते तुला किती ठेवू. मैदानात बोलायला सोपं जातं कारण तिथे ती नसते.

तरी येशू हाच मार्ग यावर मी ठाम आहे, ते सांगणार. मास्तर आणि मावशींचं सगळं मला पटलंय असं नाही. तुमच्या गावाचं नाव मेसेज करा, त्या भागात आमच्या ओळखीचे भाऊ आहेत, त्यांना मी कृत्ये १९:३७ दाखवतो. ऐकतील की नाही माहीत नाही. स्पीकरला परवानगी आहे का ते तुम्ही ग्रामपंचायतीत विचारा, ते माझ्या हातात नाही, आणि नसेल तर बंद करा, मी हल्ला वगैरे म्हणणार नाही.

तर्कट

मेसेज केलाय. आईला विचारलं तर ती म्हणते बंद नका करू, तो गाणी चांगली म्हणतो, मधलं बोलणं तेवढं काढायला सांगा.